आधी सतरंजी, मग एसपीएसएस

परभणी जिल्ह्यातून एका प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते.

"मी ३४ वर्षांची आहे. तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते आणि पीएच.डी. करते. विषय, महिला बचत गट आणि कुटुंबातील निर्णयप्रक्रिया. एका तालुक्यातल्या ६ गावांत फिरून, गावागणिक ५०, असे ३०० फॉर्म भरून आणले. त्यांतल्या १८० जणी गटात आहेत, १२० नाहीत. गेले ७ महिने ते फॉर्म कपाटावर दोन पिशव्यांत पडून आहेत. सर म्हणतात, 'टेबलं करा, काय-स्क्वेअर लावा, एसपीएसएस शिकून घ्या.' प्रगती सादरीकरणाच्या वेळी एकांनी विचारलं, 'नमुना ३०० का? ३८४ का नाही?' मला उत्तर आलं नाही. दहावीला गणितात ४१ होते, त्यानंतर गणिताचं तोंड पाहिलं नाही. व्हिडिओ बघून बटणं कळतात, पण ती कशासाठी दाबायची ते कळत नाही. विद्यापीठाजवळ टायपिंग करणारे एक जण चौथं प्रकरण आकडेवारीसकट ८ हजारांत करून द्यायला तयार आहेत. बऱ्याच जणांनी करून घेतलंय. मी करू का? की या वयात संख्यात्मक पद्धती शिकता येतात?"

ताई, ८ हजारांचं आधी सांगते, म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल. देऊ नका. फसवणूक आहे, तोंडी परीक्षेत पितळ उघडं पडतं, हे तुम्हाला माहीत आहेच. मला वेगळंच सांगायचं आहे: जे मिळतं ते ८ हजारांच्या लायकीचं नसतं. अशी प्रकरणं मी बरीच वाचली आहेत. वयाचा तक्ता, धर्माचा तक्ता, शिक्षणाचा तक्ता, प्रत्येकाखाली रंगीत वर्तुळ आणि त्याखाली 'वरील तक्त्यावरून असे स्पष्ट होते की' म्हणून तेच आकडे पुन्हा अक्षरांत. एकदा तर केवळ स्त्रियांवरच्या प्रबंधात 'लिंग' असा तक्ता होता. स्त्रिया १०० टक्के, पुरुष शून्य. आणि खाली एकाच गुलाबी रंगाचं अख्खं वर्तुळ. ते करणाऱ्याला विषय काय आहे हे माहीत असायचं कारणच नव्हतं.

आता तुमचं. गणिताची भीती वगैरे मला तुमच्या पत्रात फारशी दिसली नाही. मला दिसलं ते असं की तुम्हाला शेवटून सुरुवात करायला सांगितलंय. काय-स्क्वेअर ही चाचणी शेवटची पायरी आहे, आणि एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, म्हणजे नुसतं यंत्र. पीठ कशाचं पाडायचं हे न ठरवता गिरणीच्या रांगेत उभं केल्यासारखं झालं. तेव्हा महिनाभर संगणक मिटून ठेवा. पिशव्या खाली काढा, हॉलमध्ये मोठी सतरंजी घाला, आणि घरच्यांना सांगा की रविवारी दुपारी इथून कुणी चालायचं नाही.

एकच प्रश्न घ्या. तुमच्या फॉर्ममध्ये असा एखादा असेलच: 'तालुक्याच्या दवाखान्यात घरात न विचारता एकट्या जाता का?' आता ३०० फॉर्मचे आधी दोन गठ्ठे करा, गटातल्या आणि गटाबाहेरच्या. मग प्रत्येकाचे दोन, 'हो' म्हणणाऱ्या आणि 'नाही' म्हणणाऱ्या. सतरंजीच्या चार कोपऱ्यांत चार गठ्ठे झाले. यालाच पुस्तकात द्विचल तक्ता म्हणतात. आपल्या देशाची जनगणना संगणक येण्याआधी अशीच व्हायची, माणसामागे एक चिठ्ठी आणि चिठ्ठ्यांचे ढीग.

तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून समजा असे आले: गटातल्या १८० पैकी ९९ 'हो', ८१ 'नाही'. गटाबाहेरच्या १२० पैकी ४८ 'हो', ७२ 'नाही'.

टक्के काढायच्या आधी थांबा, कारण इथेच निम्मे प्रबंध घसरतात. टक्के कशाचे काढायचे? 'हो' म्हणणाऱ्या १४७ जणींपैकी गटातल्या किती, असे काढले तर ६७ टक्के येतात आणि वाटतं, केवढा हा गटाचा प्रभाव! पण तुमच्या एकूण फॉर्ममध्येच ६० टक्के बायका गटातल्या आहेत, त्यामुळे कुठल्याही उत्तरात त्यांचीच गर्दी दिसणार. ज्या गोष्टीचा परिणाम तपासायचा आहे तिच्या प्रत्येक बाजूला शंभर धरायचे. गटातल्यांपैकी ९९ भागिले १८०, म्हणजे ५५ टक्के. बाहेरच्यांपैकी ४८ भागिले १२०, म्हणजे ४० टक्के. फरक १५ टक्क्यांचा. एका तोंडी परीक्षेला मी हाच प्रश्न विचारला होता, टक्के आडवे का काढलेत (ओळीच्या बेरजेवर), उभे का नाहीत (रकान्याच्या बेरजेवर). उमेदवार पंख्याकडे बघत राहिला. चौथं प्रकरण त्याने लिहिलेलंच नव्हतं.

आता तो काय-स्क्वेअर. नावातच प्रश्न आहे, म्हणून मला तो आवडतो. तो एवढंच विचारतो: हा १५ टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकला असता का?

कागद घ्या. ३०० पैकी १४७ जणी 'हो' म्हणाल्या, म्हणजे ४९ टक्के. गटाचा काडीचाही संबंध नसता तर गटातल्या १८० मध्येही ४९ टक्केच, म्हणजे ८८.२ जणी 'हो' निघायला हव्या होत्या. (०.२ बाई कुठून आली असं विचारू नका, तो हिशेब आहे.) निघाल्या ९९. फरक १०.८. उरलेल्या तिन्ही गठ्ठ्यांची अपेक्षित संख्या काढा, ९१.८, ५८.८ आणि ६१.२ येईल, आणि गंमत म्हणजे चारही ठिकाणी फरक तोच, १०.८. त्याचा वर्ग ११६.६४. तो प्रत्येक अपेक्षित संख्येने भागा: १.३२, १.२७, १.९८, १.९१. बेरीज ६.४८. झाला तुमचा काय-स्क्वेअर. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. दहावीचे ४१ गुण याला पुरून उरतात.

दोन बाय दोनच्या तक्त्यासाठी उंबरठा आहे ३.८४. संबंध मुळीच नसताना नुसत्या नशिबाने एवढा किंवा याहून मोठा आकडा शंभरातून पाचच वेळा येतो. तुमचा ६.४८, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा आकडा येणं आणखी दुर्मीळ. हे डोक्यात बसत नसेल तर विद्यार्थिनींना हाताशी घ्या आणि १८० लाल, १२० पांढऱ्या चिठ्ठ्या करा. त्या मिसळून डोळे मिटून प्रत्येक फॉर्मवर एकेक ठेवा, आणि खरी सभासद कोण ते विसरून लाल चिठ्ठीवाल्यांत 'हो' किती ते मोजा. पुन्हा मिसळा, पुन्हा मोजा. दहा-वीस वेळा केलंत की निव्वळ योगायोग किती फरक पाडतो हे बोटांनाच कळेल. मला स्वतःला हे कळायला तीन पुस्तकं आणि एक नापास झालेली अंतर्गत चाचणी लागली, चिठ्ठ्या कुणी सुचवल्या नाहीत.

शंभरात पाच हा नेम देवाने घालून दिलेला नाही. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली सोयीचा म्हणून तो सुचवला आणि पुढे त्याची पोथी झाली. २०१६ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला निवेदन काढून सांगावं लागलं की हा आकडा ओलांडला म्हणजे गोष्ट खरी ठरली किंवा मोठी ठरली, असं समजू नका. म्हणून प्रबंधात 'गृहीतक सिद्ध झाले' असं लिहू नका. 'शून्य गृहीतक (म्हणजे 'काहीच संबंध नाही' हे) फेटाळता आले' किंवा 'फेटाळता आले नाही', एवढंच आपल्या हातात आहे. आणि नेहमी तो १५ टक्क्यांचा फरक आधी लिहा, काय-स्क्वेअर नंतर. वाचणाऱ्याला फरक किती हे हवं असतं.

टायपिंगवाले इथे थांबतात. 'बचत गटामुळे स्त्रियांच्या निर्णयस्वातंत्र्यात वाढ झाली' असं लिहून बिल देतात. तुम्ही मात्र सतरंजीवरून उठू नका, कारण खरी मजा आता आहे.

त्या चार गठ्ठ्यांचे वयाप्रमाणे पुन्हा दोन-दोन करा, ३५ च्या वरच्या आणि ३५ किंवा त्याखालच्या. आठ गठ्ठे. समजा गटातल्या १८० मध्ये १२० जणी ३५ च्या वरच्या निघाल्या आणि बाहेरच्या १२० मध्ये तशा ३०च. असं होऊ शकतं, कारण बऱ्याच गटांत एका घरातून एकच बाई असते आणि घरात सासू असेल तर ती बाई बहुधा सासू असते. सून घरी थांबते, ती तुमच्या 'गटाबाहेर'च्या गठ्ठ्यात येते.

आता मोजा. ३५ च्या वरच्यांत: गटातल्या १२० पैकी ७८ 'हो', ६५ टक्के. बाहेरच्या ३० पैकी २० 'हो', ६७ टक्के. धाकट्यांत: गटातल्या ६० पैकी २१, ३५ टक्के. बाहेरच्या ९० पैकी २८, ३१ टक्के.

बेरीज करून बघा, ७८ आणि २१ मिळून तेच ९९, २० आणि २८ मिळून तेच ४८. आकडे तेच, बायका त्याच, आणि १५ टक्क्यांचा फरक कुठे गेला? वय सारखं धरल्यावर गटातली आणि बाहेरची जवळजवळ सारखीच. दवाखान्यात एकटी जाते ती थोरली बाई, आणि गटातही जास्त थोरल्याच आहेत. काय-स्क्वेअर खोटं बोलला नव्हता. फरक आहे असं तो म्हणाला, आणि फरक होताच. का आहे, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याला ते सांगताही येत नाही.

तुमच्या खऱ्या फॉर्ममध्ये उलटही निघेल, वयाने फरक पुसला जाणार नाही, कदाचित वाढेलही. निघेल ते निघेल. पण हे आठ गठ्ठे केल्याशिवाय तुम्हाला 'गटामुळे' हा शब्द वापरायचा अधिकार नाही. आणि केल्यावरही जपून, कारण आणखी एक गाठ शिल्लक आहे: गटात गेल्यामुळे बाईला मोकळीक मिळाली, की जिला घरातून मोकळीक होती तीच गटात जाऊ शकली? एकदाच भरलेल्या फॉर्ममधून हे सुटत नाही. त्यासाठी त्याच घरात काही वर्षांनी पुन्हा जावं लागतं. भारत मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ मध्ये ४१,५५४ घरांना भेटी दिल्या आणि २०११-१२ मध्ये त्यांतल्या बहुतेक घरांचं दार पुन्हा वाजवलं, ते यासाठीच. तुम्हाला ते शक्य नाही. पण 'गटात किती वर्षांपासून आहात' हे विचारलं असेल तर जुन्या आणि नव्या सभासद वेगळ्या करून बघा. उत्तर पक्कं होणार नाही, पण गाठ कुठे आहे ते दिसेल.

वय, शिक्षण, जात, घरात सासू आहे की नाही, जमीन किती... असे गठ्ठे पाडत गेलात तर पाचव्या फेरीला सतरंजी संपेल आणि एकेका गठ्ठ्यात दोन-तीन फॉर्म उरतील. इथे पहिल्यांदा तुम्हाला यंत्राची गरज पडते. रिग्रेशन म्हणून जे भीतिदायक नाव ऐकता ते हेच करतं: बाकीच्या गोष्टी सारख्या धरल्या तर गटाचा वाटा किती उरतो, हे सतरंजीशिवाय काढतं. 'हो-नाही' उत्तरासाठी त्याचा जो प्रकार वापरतात त्याला लॉजिस्टिक म्हणतात. आठ गठ्ठे हाताने केलेल्या बाईला तो दोन आठवड्यांत समजतो. न केलेल्याला दोन वर्षांतही नुसती बटणंच समजतात.

त्या ३० जणींकडे पुन्हा एकदा बघा, गटाबाहेरच्या, ३५ च्या वरच्या. ३० वर टक्के काढले खरे, पण ते लंगडे आहेत. दोघींचं उत्तर बदललं तर ६७ चे ६० होतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं मोफत मिळतात, तुमच्या जिल्ह्याचंही आहे. २०१९-२१ च्या फेरीत देशभरात ६,३६,६९९ घरांना भेटी दिल्या होत्या, आणि तरीही त्या पत्रकात काही आकडे कंसात आहेत, काही ठिकाणी आकड्याऐवजी नुसता तारा. तळटीप वाचा: ज्या आकड्यामागे २५ ते ४९ च माणसं आहेत तो कंसात, २५ पेक्षा कमी असतील तर टक्केवारी छापलेलीच नाही. सहा लाख घरं फिरलेले लोक २४ जणींवर टक्के काढायला कचरतात, आणि आपले प्रबंध '७ पैकी ३, म्हणजे ४२.८६ टक्के' लिहितात. दोन दशांशांपर्यंत! तुम्ही तुमच्या ३० जणींचे टक्के कंसात टाका. परीक्षकाने का म्हणून विचारलं तर उत्तर तयार आहे.

आता ३८४. हा आकडा आपल्याकडच्या प्रबंधांत मारुतीच्या शेपटासारखा पसरलाय आणि तो कुठून आला हे विचारणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी एक तक्ता छापला, लोकसंख्या एवढी तर नमुना एवढा. लोकसंख्या खूप मोठी झाली की तक्ता ३८४ वर येऊन थांबतो. त्यामागचा हिशेब एका ओळीचा आहे: १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. ३८४.१६ येतात. अर्थ असा की चिठ्ठ्या टाकून ३८४ माणसं निवडली तर टक्केवारी इकडे-तिकडे पाचने चुकू शकेल, शंभरात ९५ वेळा याहून जास्त नाही. तुमच्या ३०० ला तीच चूक किती? ५.७. म्हणजे ८४ बायका आणखी शोधून पाऊण टक्क्याची कमाई. हे सांगा त्यांना. आणि मघाशी काय-स्क्वेअरचा उंबरठा ३.८४ सांगितला होता, आठवतं? तो १.९६ चा वर्गच आहे. ३८४ म्हणजे तोच शंभराने गुणलेला. एकाच घरातली दोन भावंडं दोन वेगळ्या प्रकरणांत आडनाव बदलून वावरतात.

पण त्यांच्या प्रश्नाने तुम्ही चुकीच्या जागी घाबरलात. विचारायला हवं होतं ते वेगळं: या ३०० जणी निवडल्या कशा? हा सगळा हिशेब चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याचा आहे. शितावरून भाताची परीक्षा होते कारण पातेल्याला आच सगळीकडून सारखी लागलेली असते. गाव तसं नसतं. वरची आळी, खालची वस्ती, शेतातली घरं, ऊसतोडीला गेलेली बंद दारं. दिवाळीनंतर फिरला असाल तर तुमच्या भागात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं गावात नव्हतीच, आणि त्या बायका तुमच्या ३०० मध्ये नाहीत. गटातल्यांचे फॉर्म गटाच्या बैठकीत बसून भरले असतील तर बैठकीला न येणाऱ्या सभासद सुटल्या. गटाबाहेरच्या बायका दुपारी घरोघर जाऊन भेटला असाल तर मजुरीला गेलेल्या सुटल्या. शिवाय एका गावातल्या ५० जणी एकमेकींसारख्या असतात, तोच रस्ता, तीच एसटी, तोच दवाखाना. म्हणून ६ गावांतल्या ३०० ची किंमत तालुकाभर विखुरलेल्या ३०० पेक्षा कमी, आणि माझं ते ५.७ ही तुमच्या बाबतीत जरा उदारच म्हणायचं. नमुन्याचा आकार वाढवून यातलं काहीही दुरुस्त होत नाही. तुम्ही काय केलंत ते तसंच्या तसं लिहा: कुठल्या महिन्यात गेलात, कुठल्या वेळी, कुणी वाट दाखवली. दोन पानं लागली तरी चालतील. माझ्या मते प्रबंधातली तीच दोन पानं सगळ्यात आधी वाचली पाहिजेत.

पत्रात न विचारलेली एक गोष्ट. फॉर्म भरताना सासू शेजारी होती का? माझ्या पहिल्याच सर्वेक्षणात मी सातारा जिल्ह्यात अन्वेषक म्हणून घरोघर फिरत होते. 'घरातले निर्णय कोण घेतं?' या प्रश्नाला एका घरात सून पदराशी चाळा करत गप्प बसली आणि सासू म्हणाली, 'लिहा, दोघं मिळून.' मी लिहिलं. दिवसाच्या शेवटी मोजलं तर 'दोघं मिळून'चा नुसता पूर आलेला. पर्यवेक्षकांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, 'उत्तर कुणी दिलं त्याचा रकाना कुठाय?' तो नव्हता. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात, ते उगाच नाही. तुम्हाला कुठल्या घरी कोण बसलं होतं हे अजून आठवत असेल तर आत्ताच, आठवतं तोवर, फॉर्मच्या कोपऱ्यात 'सा' लिहून ठेवा. मग 'सा' असलेले आणि नसलेले असेही दोन गठ्ठे पाडता येतील, आणि ते कदाचित वयाच्या गठ्ठ्यांपेक्षा जास्त बोलतील. (जाता जाता: तुम्ही विचारून तुम्हीच भरला असेल तर त्या कागदाला मुलाखत अनुसूची म्हणायचं, बाईने स्वतः भरला असेल तर प्रश्नावली. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे. मला तो पोरकट वाटतो, पण गुण त्यांच्या हातात आहेत.)

या वयात जमेल का, असं विचारलंत. जमेल, कारण यात अवघड असतं ते गणित नसतंच. हॅरॉल्ड मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी आज जिथे टोलेजंग इमारती आहेत त्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एक ओळ आहे जी अजून शेतीवरच्या चर्चेत फिरते: १७७१ साली गावात सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली. या ओळीतलं गणित म्हणजे निव्वळ भागाकार. कष्ट जुनी दफ्तरं शोधण्याचे आणि कुणाची जमीन कुठली हे लावण्याचे. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात खेड्यातल्या माणसाला १९६०-६१ च्या किमतींनुसार महिना १५ रुपये ही किमान गरज धरली, शहरात साडेबावीस. रेषेखालची माणसं मोजणं सोपं होतं. रेषा १५ वर का, १२ वर का नाही, यावर वाद झाले आणि अजून होतात. तुमच्याही बाबतीत 'निर्णयस्वातंत्र्य' कशाला म्हणायचं, हे ठरवणं अवघड आहे. दवाखान्यात एकटी जाते ती स्वतंत्र? की घराच्या कागदावर जिचं नाव आहे ती? की माहेरी जायला विचारावं लागत नाही ती? हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे आणि त्यात तुम्ही टायपिंगवाल्यांच्या आणि माझ्याही पुढे असणार, त्या ६ गावांत तुम्ही फिरला आहात.

संगणक उघडाल तेव्हा एक्सेलपासून. एका बाईला एक आडवी ओळ, एका प्रश्नाला एक उभा रकाना. एका रकान्यात दोन गोष्टी कोंबायच्या नाहीत. कुठला आकडा म्हणजे काय याची यादी वेगळ्या वहीत, तारखेसह. उत्तर नसेल तिथे ९९ टाकायची जुनी पद्धत आहे, ती टाळा, चौकट रिकामी सोडा. मी एकदा मुलांच्या संख्येच्या रकान्यात ८ ठिकाणी ९९ ठेवून सरासरी काढली. ३०० बायकांची सरासरी २.६ यायची ती ५.२ आली, आणि 'या भागात जननदर अजून बराच जास्त दिसतो' असा परिच्छेदही लिहून टाकला. टंकलेखनाला जायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने पकडलं. एक्सेलमधल्या पिव्हट टेबलने तुमचे आठ गठ्ठे मिनिटात होतात. सतरंजीवरच्या मोजणीशी जुळले तर नोंदी बरोबर, नाही जुळले तर चूक शोधा. चूक बहुतेक वेळा संगणकात भरताना झालेली असते.

एसपीएसएस १९६८ पासून आहे, समाजशास्त्रांसाठीच बनवलं गेलं, चांगलं आहे आणि महाग आहे. म्हणून आपल्याकडे ते कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून येतं आणि परीक्षेच्या आठवड्यात उघडायचं बंद होतं. जामोवी नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, दिसायला तसंच, आणि तुमच्या कामाला पुरतं. त्याच्या पोटात आर ही भाषा चालते. आवड लागली तर तिकडे जाल, नाही लागली तरी अडणार नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने पीएच.डी. करणाऱ्यांसाठी दहा दिवसांच्या संशोधन पद्धतीच्या कार्यशाळा ठिकठिकाणी होतात. अर्ज जरूर करा, पण आठ गठ्ठे झाल्यावर. नाहीतर पहिले तीन दिवस विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात जातात, शेवटच्या दोन दिवसांत सगळी सॉफ्टवेअरं धावत येतात, आणि हाती प्रमाणपत्र, पिशवी आणि ग्रुप फोटो राहतो. स्वतःचा अडलेला प्रश्न खिशात घेऊन गेलात तर चहाच्या सुट्टीत एखाद्या शिकवणाऱ्याला गाठून दहा मिनिटांत तो सोडवून घ्याल.

सरांना काय सांगायचं? काही सांगू नका. आठ गठ्ठ्यांचा तक्ता एका कागदावर हाताने लिहून न्या, वर दोन ओळी: वय न धरता फरक एवढा, वय धरल्यावर एवढा. बहुतेक ते लगेच विचारतील, 'आणि शिक्षण धरलं तर?' त्या दिवसापासून तुमचं चौथं प्रकरण सुरू झालं असं समजा.

ता. क. गठ्ठे पाडायच्या आधी प्रत्येक फॉर्मवर वरच्या उजव्या कोपऱ्यात १ ते ३०० क्रमांक घाला, पेनने. आणि पंखा बंद ठेवा.